मंत्र : अक्षर आणि अर्थ

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळून झाले, फराळाचे ताट पुढे आले, आणि माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, सहज विचारावे तसे विचारले, "अरे, तुझ्या मुंजीत बाबांनी शेल्याखाली तुझ्या कानात सांगितलं, ते नेमकं काय होतं रे?"

हा प्रश्न तिने मला दुसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा विचारला त्याला पासष्ट वर्षे होऊन गेली. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ती अकरांची. मांडवात बाबांनी स्वतःच्या नि माझ्या डोक्यावरून शेला घेतला, त्याखाली माझ्या कानाशी तोंड आणले, आणि आधी एकेक चरण, मग अर्धी ऋचा, मग सबंध ऋचा अशा क्रमाने गायत्री मंत्र माझ्याकडून म्हणवून घेतला. गृह्यसूत्रांत सांगितलेला क्रम हाच आहे. शेल्याबाहेर आल्याबरोबर अक्काने मला गाठले आणि विचारले. मी लंगोटीच्या ऐटीत उत्तर दिले, "ते मुलींना सांगायचं नसतं." तिने पुन्हा कधी विचारले नाही.

ह्यातली खरी खंत निराळीच आहे. जे सांगायचे नसते म्हणून मी मिरवत होतो, ते मला तरी कोठे कळले होते? मला अक्षरे मिळाली होती, अर्थ मिळाला नव्हता. तो मागावा असे मला सुचले नाही आणि द्यावा असे घरात कोणाला वाटले नाही. पुढे महाविद्यालयात संस्कृत शिकलो तेव्हा तो परीक्षेच्या निमित्ताने माझ्या पदरात पडला.

आज त्या मंत्रात गुप्त असे काही उरलेले नाही. कॅसेटी निघाल्या त्याला आता कित्येक वर्षे झाली. तो मोबाइलवर वाजतो, दुकानांत सकाळी उदबत्तीबरोबर लागतो. अक्कालाही तो पाठ आहे. मी तसे म्हणताच ती म्हणाली, "अक्षरं मलाही येतात रे. मी अर्थ विचारतेय."

मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि माझ्या ध्यानात आले, की हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मंत्राला अर्थ असतो का, असल्यास तो कोठे असतो, आणि तो कळल्यावाचून केलेला जप फुकट जातो का, ह्यावर आपल्याकडे अडीच हजार वर्षांच्या आसपास वाद चालू आहे. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या फराळात थोडे निरुक्त आणि थोडे उपनिषद वाढले तर आपण रागावणार नाही, ह्या भरवशावर मी त्या दिवशीचे अपुरे उत्तर येथे पुरे करतो.

प्रथम शब्दच घेऊ. 'मंत्र' हा मन् धातूपासून झाला. मन् म्हणजे विचार करणे. त्याला लागलेला 'त्र' हा प्रत्यय साधन दाखवितो. ज्याने नेले जाते ते नेत्र, ज्याने प्यावयाचे ते पात्र, ज्याने झाकावयाचे ते वस्त्र. तसा ज्याने मनन करावयाचे तो मंत्र. मनन करणाऱ्याचे त्राण करतो तो मंत्र, ही जी व्युत्पत्ती कीर्तनांतून नेहमी ऐकू येते, ती भाविकाची आहे, व्याकरणाची नव्हे. व्याकरणाच्या दृष्टीने मंत्र हे विचाराचे हत्यार आहे. म्हणून तर राजाला सल्ला देणारा तो मंत्री आणि बंद दाराआड चालते ती मंत्रणा.

हा शब्द ऋग्वेदाहूनही जुना असावा. पारशी बांधवांच्या अवेस्ता ग्रंथात ह्याच शब्दाचा सख्खा भाऊ 'मांथ्र' ह्या रूपाने आढळतो, आणि गाथांमध्ये जरथुष्ट्राने स्वतःला मांथ्र सांगणारा असे म्हटले आहे. तेव्हा मुंबईच्या अग्यारीत पहाटे उच्चारली जाणारी प्रार्थना आणि गोदावरीच्या घाटावर उच्चारली जाणारी संध्या, ह्या दोन्ही एका घरातून केव्हातरी वेगळ्या निघालेल्या बहिणी आहेत. इराणी आणि भारतीय शाखा वेगळ्या होण्यापूर्वीच आपल्या पूर्वजांना मंत्र ही वस्तू ठाऊक होती.

परंतु ती ध्यानाची वस्तू नव्हती, हे विसरून चालणार नाही. माळ, आसन, मिटलेले डोळे हे सारे चित्र नंतरचे. ऋग्वेदातील मंत्र ही प्रथमतः देवांना उद्देशून रचलेली काव्ये आहेत. त्यांत स्तुती आहे, मागणे आहे, क्वचित तक्रारही आहे. गाई हव्यात, पाऊस हवा, शूर मुलगे हवेत, शत्रू नको. परंपरा ऋषीला मंत्रद्रष्टा म्हणते, म्हणजे मंत्र त्याला दिसला असे मानते. पण ऋग्वेदातच ऋषींना मंत्र 'करणारे' असेही म्हटले आहे, आणि कुशल सुताराने रथ घडवावा तसे आपण हे स्तोत्र घडविले, असे तेथील कवी अभिमानाने सांगतात. सुताराची ही उपमा मला फार मोलाची वाटते. ज्याने सांधा जुळवला, तासले, घासले, त्याला आपण काय घडवीत आहोत हे माहीत होते. आरंभी तरी मंत्राला अर्थ होता, आणि तो रचणाऱ्याला कळत होता.

आता गायत्रीच पाहा. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील बासष्टाव्या सूक्ताची ही दहावी ऋचा. ऋषी विश्वामित्र, देवता सविता. हे सूक्त अठरा ऋचांचे आहे आणि त्यात तीन-तीन ऋचांचे सहा गट आहेत: इंद्र-वरुण, बृहस्पती, पूषन्, सविता, सोम आणि मित्र-वरुण. चौथ्या गटातली पहिली ऋचा ती गायत्री. तिच्या पुढेमागे पाहिले तर तिला सूक्तात मानाचा पाट वगैरे काही मांडलेला नाही. शेजारणींसारखीच तीही एक. तिच्या आरंभी आपण ज्या तीन व्याहृती म्हणतो, त्याही ऋग्वेदातल्या ह्या ऋचेचा भाग नव्हेत. त्या पुढे जोडल्या गेल्या. पुढच्या पिढ्यांनी हजारो ऋचांतून हीच एक उचलून रोजच्या जपाला लावली, ह्याचे कारण तिच्या मागण्यात असले पाहिजे, असे मला वाटते. ही ऋचा गाई मागत नाही, मुलगे मागत नाही. ती बुद्धीला चालना मागते.

ह्या ऋचेत दोन बारकावे आहेत आणि दोन्ही आपल्या प्रश्नाला लागून आहेत. गायत्री छंदात आठ-आठ अक्षरांचे तीन चरण, म्हणजे एकंदर चोवीस अक्षरे हवीत. आपण म्हणतो तसा मंत्र मोजून पाहा, तेवीसच भरतात. पहिल्या चरणातला 'वरेण्यं' हा शब्द मूळ उच्चारात 'वरेणियं' असा चार अक्षरी असावा, तेव्हा चोवीस पुरी होतात. म्हणजे ज्या ध्वनीला आपण अणुमात्र धक्का लागू दिला नाही असे मानतो, त्यातलेही एक अक्षर काळाच्या ओघात दुसऱ्यात विरून गेले आहे.

दुसरा बारकावा 'धीमहि' ह्या क्रियापदाचा. परंपरेने त्याचा अर्थ 'आम्ही ध्यान करतो' असा लावला आणि ह्याच शब्दामुळे गायत्री हा ध्यानाचा मंत्र ठरला. आधुनिक भाषाशास्त्र्यांपैकी अनेकांचे म्हणणे असे, की हे रूप ध्यै धातूचे नसून धा धातूचे आहे, आणि त्याचा अर्थ 'आम्हांला लाभो', 'आम्ही धारण करावे' असा होतो. हे मत मान्य केले, तर विश्वामित्राने सवित्याचे तेज मागितले आणि पुढच्यांनी त्या तेजाचे ध्यान केले. ह्याला कोणी चूक म्हणेल. मी म्हणणार नाही. एखाद्या कवितेला पुढच्या वाचकांनी नवा अर्थ द्यावा आणि त्या अर्थावर पिढ्यांनी आपली सकाळ उभी करावी, हे वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच घडते. पण तो अर्थही शब्दाच्या आधारानेच आला, हे ध्यानात ठेवावे.

ॐकाराची कथा ह्याहून साधी आणि त्यामुळेच मला अधिक सुंदर वाटते. ॐ हे अक्षर गूढ, अनाकलनीय, विश्वाच्या आरंभीचे, असे आपण ऐकत आलो. छांदोग्य उपनिषदाचा आरंभ ॐकाराच्या उपासनेनेच होतो. परंतु तेथे एक अगदी घरगुती खुलासा दिलेला आहे. हे संमतीचे अक्षर आहे, एखाद्या गोष्टीला मान्यता देताना माणूस ॐ म्हणतो, असे ते उपनिषद सांगते. म्हणजे ॐ म्हणजे 'होय'! आपल्याकडे आईने परसातून हाक मारली की मूल 'ओ' देते. दोन्ही शब्द एकच, असा व्युत्पत्तीचा दावा मी करीत नाही. पण हाकेला ओ देणे आणि विश्वाला ॐ म्हणणे ह्यांतला भाव मला फार दूरचा वाटत नाही. पुढे मांडूक्य उपनिषदाने अवघ्या बारा वाक्यांत ह्या अक्षराचे अ, उ, म असे तीन भाग केले, त्यांना जागृती, स्वप्न आणि गाढ झोप ह्या तीन अवस्था लावल्या, आणि तिन्ही ध्वनी थांबल्यावर जी शांतता उरते तिला चौथी अवस्था म्हटले. साध्या होकारात केवढे तत्त्वज्ञान मावले!

येथवर सारे गोड आहे. आता वादाकडे वळू.

यास्काचार्यांचे निरुक्त म्हणजे वेदातील अवघड शब्दांचा अर्थ लावणारा प्राचीन ग्रंथ. त्याच्या पहिल्याच अध्यायात कौत्स नावाच्या आचार्याचे मत दिले आहे. मंत्रांना अर्थच नसतो, असे ह्या कौत्साचे सरळ म्हणणे. आणि हा कोणी वेदनिंदक नव्हे, परंपरेच्या आतला माणूस! त्याची कारणे ऐकण्यासारखी आहेत. मंत्रातला शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा घालता येत नाही, शब्दांचा क्रमही बदलता येत नाही. अर्थच सांगायचा असता तर एवढी कडक शिस्त कशाला? मंत्रात वनस्पतीला 'ह्याचे रक्षण कर' आणि कुऱ्हाडीला 'ह्याला इजा करू नकोस' असे सांगितले जाते. कुऱ्हाड कधी ऐकते का? एके ठिकाणी रुद्र एकच आहे, दुसरा नाही म्हणतात, आणि दुसऱ्या ठिकाणी पृथ्वीवर असंख्य, हजारो रुद्र आहेत म्हणतात. ह्यातले खरे काय? शिवाय काही शब्द असे, की त्यांचा अर्थ कोणालाच लागत नाही.

आपल्याच पूर्वजाने इतक्या प्राचीन काळी एवढ्या मोकळेपणाने ही शंका विचारावी आणि ती शंका वेदाच्या अभ्यासग्रंथातच जपून ठेवली जावी, ह्याचा मला अभिमान वाटतो. यास्काने कौत्सावर पाखंडाचा शिक्का मारला नाही. मुद्द्याला मुद्दा दिला. वेदातले शब्द लोकांच्या बोलीतलेच आहेत, मग बोलीत अर्थ आणि वेदात नाही, असे कसे? शब्दांचा ठराविक क्रम बोलीतही असतो. आपण 'पितापुत्र' म्हणतो, उलट म्हणत नाही. विसंगती म्हणाल, तर शत्रू असलेल्या राजालाही लोक 'अजातशत्रू' म्हणतातच की. आणि शब्द कळत नाही म्हणाल, तर आंधळ्याला खांब दिसला नाही हा खांबाचा अपराध नव्हे. त्याच ओघात यास्काने एक जुने वचन उद्धृत केले आहे. वेद पाठ करून त्याचा अर्थ न जाणणारा मनुष्य हा नुसता भार वाहणारा खांब आहे, असा त्याचा आशय. मी ते प्रथम वाचले तेव्हा मला माझी मुंज आठवली. आठ वर्षांचा, गोटा केलेला, ऐटबाज खांब!

कौत्स तेवढ्याने संपला नाही. पूर्वमीमांसेत जैमिनींना हा पूर्वपक्ष पुन्हा खोडावा लागला, आणि विसाव्या शतकात तर कौत्साने नवा जन्म घेतला असे म्हणता येईल. फ्रिट्स स्टाल हे डच पंडित. त्यांनी १९७५ साली केरळातील पांजाळ ह्या गावी नंबुद्री ब्राह्मणांनी केलेल्या बारा दिवसांच्या अग्निचयनाचे साद्यंत चित्रण घडवून आणले आणि त्यावर १९८३ मध्ये दोन खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९८९ च्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादन केले, की विधी आणि मंत्र ह्यांना नियम असतात, अर्थ नसतो. मंत्र हा भाषेपेक्षा पक्ष्यांच्या गाण्याला अधिक जवळचा आहे. कौत्साला हा शिष्य आवडला असता.

स्टाल ह्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. तांत्रिकांची बीजाक्षरे घ्या. ऐं, ह्रीं, क्लीं ह्यांचा अर्थ कोणत्या कोशात पाहावा? ऐं सरस्वतीचे, असे तंत्रे सांगतात. एकेका वर्णाची फोड करून अर्थही भरतात. पण ध्वनी आधी आला आणि अर्थ मागाहून ओतला गेला, हे उघड दिसते. नाथपंथीयांनी तर श्वासालाच मंत्र केले. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास 'सोऽहं' म्हणतो, आणि दिवसाकाठी असे २१,६०० श्वास होतात, हा आपोआप चाललेला अजपाजप. मिनिटाला पंधरा श्वास धरून गणित करून पाहा, आकडा बरोबर तेवढाच येतो. येथे ओठ हलत नाहीत, भाषा थांबलेली आहे.

परदेशात मंत्र गेला तो बहुतांशी ह्याच वाटेने. महर्षी महेश योगी ह्यांच्या ध्यानपद्धतीत शिष्याला एक मंत्र खासगीत दिला जाई. त्याच्या अर्थाकडे लक्ष देऊ नये, तो दुसऱ्यास सांगू नये, अशी शिकवण असे. १९६८ साली बीटल्स मंडळी त्यांच्या ऋषीकेशच्या आश्रमात राहिली आणि जगभर ह्या ध्यानाचा बोलबाला झाला. मग हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन ह्या डॉक्टरांनी साधकांची तपासणी केली आणि १९७५ च्या आपल्या पुस्तकात सांगितले, की शरीर शांत होण्यास विशिष्ट मंत्रच हवा असे नाही. 'वन्', म्हणजे नुसता 'एक', हा शब्द श्वासागणिक मनात म्हटला तरी चालतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी तेवीस माणसांना लॅटिनमधील मारियेची प्रार्थना आणि बौद्धांचा 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र म्हणावयास लावले. दोहोंनीही श्वास मंदावून मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाच्या तालावर त्याचा चांगला परिणाम दिसला. वसईच्या किंवा गोव्याच्या घरात संध्याकाळी रोझरीचे मणी ओढणारी आजी आणि तिबेटी भिक्षू, दोघांची छाती एकाच संथ लयीत वरखाली होत असेल, ही कल्पना मला तरी सुखाची वाटते.

मग कौत्स जिंकला का? ध्वनी पुरे, अर्थ नको, असे म्हणून विषय मिटवावा का?

मला तसे वाटत नाही. डॉक्टरांनी मोजला तो श्वास. तो खराच मंदावतो. पण मंत्र घेणारा मनुष्य केवळ श्वास मंद करण्यासाठी मंत्र घेत नाही. आई पाळण्याशी 'जो जो' म्हणते. ह्या शब्दाला कोशातला अर्थ फारसा नाही, आणि त्यातल्या लयीने मूल निजते हे खरे आहे. तेवढ्यावरून 'जो जो' निरर्थक आहे असे म्हणणाऱ्याला आपण शहाणा म्हणू का? त्याचा अर्थ त्या आईत आहे. ती तेथे आहे, ह्यात आहे. अर्थ कोशाबाहेरही राहतो, हे कौत्साने आणि स्टाल ह्यांनी हिशेबात धरलेले दिसत नाही. आणि यास्काने अर्थ शोधला तो मुख्यतः धातू-प्रत्ययांत, त्यामुळे हा अर्थ त्याच्याही हातून थोडा निसटला.

दोघांच्या मधली वाट पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात दाखविली आहे. प्रणव हे ईश्वराचे वाचक अक्षर आहे असे सांगून ते लगेच म्हणतात, की त्याचा जप करावा आणि त्याच्या अर्थाची भावना करावी. दोन्ही कृती एकाच सूत्रात, एका दमात सांगितल्या आहेत. येथे 'भावना' हा शब्द महत्त्वाचा. अर्थाचे नुसते ज्ञान नव्हे. अर्थ मनात पुनःपुन्हा मुरविणे. परीक्षेला मी गायत्रीचा अर्थ लिहिला ते ज्ञान झाले. भावना त्यात नव्हती.

छांदोग्य उपनिषद तर ह्या वादात न्यायाधीशच शोभते. ॐकाराविषयी बोलताना ते म्हणते, की जाणणारा आणि न जाणणारा दोघेही ह्या अक्षराने कर्म करतात. परंतु जाणणे आणि न जाणणे ह्यांत अंतर आहे, आणि जाणून, श्रद्धेने केलेले कर्म अधिक सामर्थ्यवान होते. किती समतोल निवाडा आहे पाहा! न जाणणाऱ्याचा जप फुकट गेला असे ते म्हणत नाही, आणि जाणण्याची गरज नाही असेही म्हणत नाही.

आता वाचक म्हणतील, हे पंडितांचे झाले. ज्यांना वेदाचे अक्षरही ऐकण्याची मुभा नव्हती त्यांचे काय? माझ्या मते ह्या वादाचा निकाल खऱ्या अर्थाने लागला तो त्यांच्याकडून, आणि आपल्या ह्याच मातीत.

मंत्र दडवून ठेवण्याची चीड अनेकांना आली होती. रामानुजाचार्यांची कथा प्रसिद्ध आहे. गुरूने 'ॐ नमो नारायणाय' हा अष्टाक्षरी मंत्र गुप्त राखण्याच्या बोलीवर दिला, आणि आचार्यांनी गोपुरावर चढून तो सर्वांना ओरडून सांगितला. त्याने मला नरक मिळाला तरी चालेल, इतके लोक तरतील, असे ते म्हणाले अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाला चक्क कृपण म्हटले. वेद संपन्न खरा. पण तो तिघाच वर्णांच्या कानाशी लागतो, स्त्रिया आणि शूद्र ह्यांना काही देत नाही, म्हणून त्याच्यासारखा कंजूष नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी तोच गीतेच्या रूपाने पुन्हा आला, असे ते सांगतात. इतके कठोर बोलणे इतक्या मृदू शब्दांत दुसऱ्या कोणी केलेले मला माहीत नाही.

वारकऱ्यांनी ह्यावर जो उपाय केला तो वाङ्मयाच्या दृष्टीनेही विलक्षण होता. त्यांनी नवी बीजाक्षरे शोधली नाहीत. त्यांनी मंत्र म्हणून नावे निवडली, तीही सर्वांना माहीत असलेली. 'राम कृष्ण हरि' ही सहा अक्षरे कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. अर्थ आणि अधिकार ही दोन्ही कुलुपे त्यांनी एका किल्लीने उघडली. तुकोबांना हा मंत्र बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. तो प्रसंग त्यांनी स्वतःच अभंगात सांगितला आहे, आणि त्यात एक गोड तपशील आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि शिष्याला स्वप्नात त्याचा विसर पडला! जगातल्या दीक्षाविधींच्या वर्णनांत इतके प्रांजळ वाक्य विरळाच. आणि मिळालेला मंत्र तुकोबांनी शेल्याखाली ठेवला नाही, अभंगात घालून गावभर वाटला. पुढे शिऊरच्या बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नातच उपदेश केला असे त्या सांगतात. स्त्री म्हणून वेदाचे दार बंद असलेल्या ह्या बाईंना स्वप्नाचे दार तरी उघडे राहिले.

आणि यास्काच्या ग्रंथातली ती भार वाहणाऱ्याची उपमा! दोन हजारांहून अधिक वर्षांनी देहूच्या ह्या वाण्याने तीच पुन्हा उच्चारली. वेदाचा अर्थ आम्हांलाच ठाऊक आहे, इतरांनी डोक्यावर ओझे वाहावे, असे ते म्हणतात. निरुक्त त्यांच्या वाचनात होते की नाही, ह्याने काही बिघडत नाही. मंत्राचा प्रश्न अर्थाचा आहे, आणि अर्थ मिळविण्यास जन्म आड येत नाही, हे त्यांना स्वतःच्या जीवनातून कळले होते.

नामाचाही यंत्रासारखा घोट घेता येतो, हे मी विसरलेलो नाही. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला असे परंपरा सांगते. हिशेब केला तर दिवसाला जवळजवळ तीस हजार, म्हणजे सेकंदाला एक म्हटला तरी रोजचे आठ तास. एवढ्या जपात मन प्रत्येक वेळी अर्थावर असेल का? नसेलही. पण अर्थ आधी मनात उतरलेला असला, की तो प्रत्येक उच्चाराला नव्याने बोलवावा लागत नाही. घरातल्या समईसारखा तो तेवत असतो. जपाचा उपयोग तो विझू न देण्यापुरता. माझी आजी निवडणे-टिपणे करताना 'राम कृष्ण हरि' म्हणत असे. मध्येच "दूध उतू जातंय गं" असेही म्हणे, आणि पुन्हा पुढे सुरू. तिला अर्थ विचारला असता तर ती हसली असती. तिला तो प्रश्नच पडला नव्हता, कारण अर्थ तिच्यापासून कोणी काढून घेतलेला नव्हता.

अक्काचे तसे नव्हते. तिच्यापासून आधी अक्षरे दूर ठेवली गेली, आणि कॅसेटवाल्यांनी अक्षरे दिली तेव्हा अर्थ राहूनच गेला. ज्या ऋग्वेदात घोषा, अपाला, लोपामुद्रा ह्यांच्या नावावर ऋचा आहेत, त्या ऋग्वेदातली एक ऋचा एका मुलीला सांगायची नसते, हे मला आठव्या वर्षी शिकविले गेले आणि मी ते शंका न घेता बोलून दाखविले. घोकलेल्या मंत्राप्रमाणे घोकलेला अन्यायही असतो. त्याचाही अर्थ विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

त्या दिवशी अक्काला मी जे सांगितले ते ह्या लेखाच्या मानाने फारच थोडे होते. सविता म्हणजे जगाला उठवून कामाला लावणारा सूर्यदेव. त्याचे ते निवडण्याजोगे तेज आपल्याला लाभावे, आणि त्याने आपल्या बुद्धीला पुढे ढकलावे, एवढे मागणे आहे, असे मी म्हणालो. तिने विचारले, "आपल्या म्हणजे? म्हणणाऱ्याच्या?"

"नाही," मी म्हणालो, "शब्द अनेकवचनी आहे. आमच्या, सगळ्यांच्या."

ती थोडा वेळ निरांजनाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सगळ्यांसाठी मागायचं, आणि सगळ्यांना सांगायचं मात्र नाही. हे कोणी ठरवलं रे?"

यास्काजवळ कौत्साच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर होते. माझ्याजवळ ह्या प्रश्नाला नव्हते. ओवाळणीचे पाकीट मी आधीच तबकात घातले होते. पासष्ट वर्षे तिचे देणे असलेली ओवाळणी ती नव्हे, एवढे मात्र मला त्या क्षणी कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने देवापाशी मंत्र म्हटला, तो मी बाहेरच्या खोलीतून ऐकला. अक्षरे रोजचीच होती. 'नः' ह्या शब्दाशी ती किंचित थांबली, आणि मग पुढे गेली.